डॉमिनियनचा नवा डबा उघडल्यावर

डॉमिनियन म्हणजे नाण्यांच्या पत्त्यांनी नवे पत्ते विकत घेत आपला गठ्ठा उभारायचा आणि गुण जमवायचा खेळ. त्याची एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे डबे, घरात साठली की सगळे डबे एकत्र पिसून डावासाठी लागणारे दहा प्रकारचे पत्ते काढायचा मोह होतो. तो आवरा. एका डावात दोनच डबे घ्या, प्रत्येकी पाच पत्ते. प्रत्येक डब्याचं स्वतःचं एक गणित असतं आणि एखादाच पत्ता सुटा आला की ते जुळत नाही. 'अल्केमी'त हे सगळ्यात जास्त जाणवतं. तिथल्या एकाच पत्त्यासाठी ४ नाणी मोजून पोशन (त्या डब्यातले बहुतेक पत्ते विकत घ्यायला लागणारा खास पत्ता) घ्यायचं म्हणजे चहाच्या एका कपासाठी म्हैस पाळणं! त्या डब्यातले घ्यायचेच तर तीन ते पाच घ्या.

'प्रॉस्पेरिटी' (२०१०) डावाची लांबीच बदलते. मूळ खेळात ८ नाण्यांना मिळणारा प्रॉव्हिन्स हा पत्ता ६ गुण देतो. इथे ११ नाण्यांना मिळणारी कॉलनी १० गुण देते. प्लॅटिनमचा एकच पत्ता खर्चायला ५ नाणी देतो. त्यामुळे सुरुवातीला मिळणारे एकेका नाण्याचे सात कॉपर हातात नुसते अडगळ होतात. चॅपलसारखा पत्ते कायमचे काढून टाकणारा पत्ता मांडणीत असेल तर पहिल्या दोन पाळ्यांतच घ्या. मूळ खेळाच्या सवयीने ८ नाण्यांना लगेच प्रॉव्हिन्स उचलणारा बहुधा मागे पडतो.

'सीसाइड'मधले ड्युरेशन पत्ते पुढच्या पाळीपर्यंत समोरच राहतात. आमच्याकडे कुणीतरी ते हटकून टाकलेल्या गठ्ठ्यात ढकलतं. म्हणून आम्ही ते आडवे ठेवतो.