कमी पैशांत अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट कशी निवडावी

अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन दोन-तीन उन्हाळे झाले की मराठी घरात बोटीचा विषय निघतोच. आधी धक्क्यावर बसून पोरं सनफिश काढतात. मग कोणी शेजारी आपल्या बोटीतून वॉलाय पकडायला नेतो. त्या रात्री रवा लावून तळलेल्या तुकड्या संपेपर्यंत ‘आपलीही एक असावी’ हे घरात ठरलेलं असतं. शोरूममध्ये पाऊल टाकलं की मात्र पाय जमिनीवर येतात, कारण मोटर आणि ट्रेलर धरून नवी बोट बरेचदा चांगल्या गाडीच्या किमतीला जाते.

यातून वाट काढायची तर जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घ्यावी. आणि ती शोधायला याहून बरी जागा नाही. दुसरं महायुद्ध संपलं, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि तो रिव्हेटनं, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यांनी, जोडणारे हात मोकळे झाले, आणि १९४६ मध्ये अ‍ॅल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलायनर, १९४८ मध्ये लुंड या कंपन्या याच राज्यात उभ्या राहिल्या. त्यामुळे इथल्या गॅरेजांत आणि मागच्या अंगणांत ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटींना तोटा नाही. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीला लहान होड्या आता फायबरच्या असतात, त्यामुळे गावाकडच्या माणसाला हा पत्रा जरा फुसका वाटतो. पण सांभाळलेला पत्रा चाळीस वर्षं सहज काढतो. आधी मरतं ते बोटीतलं लाकूड, आणि त्या पाठोपाठ मोटर. खर्चाचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर बसवायचा.

१. पाणी ठरवा, मग बोट

जाहिराती चाळण्याआधी आपण वर्षभर कुठे जाणार ते प्रामाणिकपणे ठरवा. घराजवळचं लहान तळं, लव्हाळी आणि लिलीची पानं असलेला उथळ भाग एवढंच असेल तर सपाट तळाची जॉन बोट पुरते. ती स्वस्त, हलकी आणि उभं राहून गळ टाकायला स्थिर असते. तिच्या नावातला आकडा वाचायला शिका. १४३६ म्हणजे १४ फूट लांब आणि तळाशी ३६ इंच रुंद, १६४८ म्हणजे १६ फूट आणि ४८ इंच. ३६ इंची तळावर दोन मोठी माणसं आणि एक चुळबुळं पोर म्हणजे जीव टांगणीला. जमलं तर ४८ घ्या.

मिल लाक्ससारख्या मोठ्या तलावावर सपाट तळ नेऊ नये. तो तलाव पसरट आणि उथळ आहे, वारा सुटला की तासाभरात लाटा अंगावर येतात आणि सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. तिथे पुढून खोल ‘व्ही’ आकाराची, उंच कडांची, किमान १६ फुटी बोट लागते. मधल्या आकाराच्या तलावांसाठी १४ फुटी व्ही तळाची बोट हा बहुतेक कुटुंबांना झेपणारा मध्य आहे. रिकामी असेल तर ती ट्रेलरवर दोन माणसं हलवू शकतात.

लांबीपेक्षा रुंदी आणि कडेची उंची महत्त्वाची. पुण्याहून आई-बाबा उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांना धक्क्यावरून बोटीत पाय टाकायचा आहे, हे डोळ्यांपुढे आणून मगच बघा.

२. आतली पाटी वाचा

२० फुटांखालच्या मोटरबोटीवर अमेरिकेत कोस्ट गार्डच्या नियमानं क्षमतेची पाटी लागते. १९७२ च्या नोव्हेंबरपासून बनलेल्या बोटींना हा नियम आहे. किती माणसं, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरची मोटर, हे तिथे लिहिलेलं असतं. पाटीवर २५ असताना मागे ४० ची मोटर लटकत असेल तर त्या बोटीचा मागचा भाग वर्षानुवर्षं पिळला गेलाय असं समजा आणि नमस्कार करून निघा.

पाटी नसेल तर ढोबळ हिशोब असा: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. चौदा गुणिले पाच म्हणजे सत्तर, भागिले पंधरा, साडेचारच्या वर. म्हणजे चार माणसं, तीही शांत हवेत.

३. ट्रान्सम: इथे वेळ घालवा

ट्रान्सम म्हणजे जिच्यावर मोटर टांगतात ती मागची फळी. बाहेरून ती पत्र्याची दिसते, पण जुन्या बोटींत पत्र्याच्या आत प्लायवूड असतं. मोटरच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. विकणारा नवा रंग देऊन हे सहज झाकू शकतो.

आधी बोल्टांभोवती बघा. पत्रा आत दबलाय का, भेगा आहेत का, वरच्या पट्टीखालून काळपट भुसा येतोय का? मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं डावीकडून उजवीकडे ठोकत जा. नारळ वाजवून घेतो तसंच हे काम आहे. शाबूत लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. आवाज जिथे बदलतो तिथे खडूनं खूण करा. शेवटी मोटर वर उचलून तिच्या खालच्या टोकावर हातानं जोर द्या आणि नजर ट्रान्समच्या वरच्या कडेवर ठेवा. कड मोटरबरोबर मागेपुढे लवत असेल तर लाकूड गेलं.

गेलेलं लाकूड म्हणजे व्यवहार संपला असं नाही. हाताशी अवजारं आणि मोकळे शनिवार असतील तर लाकूड बदलता येतं, आणि भावात चांगलीच घासाघीस करता येते. फक्त बदलताना अंगणातल्या डेकसाठी मिळतं ते तांबंयुक्त रसायन मुरवलेलं लाकूड वापरू नका. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की पत्रा खाल्ला जातो. आधीच्या मालकानं हेच केलं असेल तर लाकडाला टेकलेल्या पत्र्यावर पांढरी पूड आणि बारीक खड्डे दिसतील. साधं बाह्य वापराचं प्लायवूड इपॉक्सीत नीट बुडवून वापरलं की काम भागतं.

ट्रान्समची उंचीही मोजा. साधारण १५ इंच असेल तर आखूड दांड्याची मोटर लागते, २० इंच असेल तर लांब दांड्याची. मोटर वेगळी विकत घेणार असाल तर हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर स्वस्तात मिळालेली मोटर गॅरेजच्या भिंतीवरच शोभेल.

४. तळ, रिव्हेट आणि फरशी

बोटी दोन तऱ्हेच्या: रिव्हेटच्या आणि वेल्डिंगच्या. वेल्डिंगवाली जाड पत्र्याची, जड आणि महाग असते. कमी बजेटमध्ये रिव्हेटचीच हाती लागणार, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपटून आपटून रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी येतं. हा दोष घाबरण्यासारखा नाही, भाव पाडण्यासारखा आहे.

परीक्षा सोपी आहे, विकणाऱ्याची परवानगी तेवढी घ्या. बोट ट्रेलरवर असतानाच तळाचा बूच लावा आणि बागेच्या नळीनं आत जेमतेम तळाचे रिव्हेट बुडतील एवढंच पाणी भरा. जास्त भरू नका, लिटरामागे किलो वजन वाढतं आणि ट्रेलर लहान असतो. मग खाली वाकून, पाठीवर झोपून, थेंब दिसेल तिथे मार्करनं गोल करा. चार-सहा गोल म्हणजे किरकोळ. एक माणूस आतून जड लोखंडाचा ठोकळा टेकवतो, दुसरा बाहेरून हातोडीनं रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट करतो, आणि वरून सीलंट लावतात. पण तळाच्या मधल्या पट्टीवर किंवा आतल्या बरगड्यांजवळ पत्र्यालाच चीर असेल तर दुसरी बोट बघा. चिरेच्या टोकाला भोक पाडून वेल्डिंग करणारे मिळतात, पण त्यांची मजुरी बजेटच्या बोटीला परवडत नाही.

वर गालिचा लावलेली फरशी असेल तर तिच्यावर टाचेनं दाबत फिरा. मऊ लागली तर खालचं प्लायवूड गेलं. त्याखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो, तो पाणी पिऊन बसला तर बोट काही शे पौंडांनी जड होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. फरशी, खुर्च्या, साठवणीचे कप्पे नसलेली, नुसत्या बाकड्यांची बोट दिसायला गरीब असते, पण तिच्यात लपवण्यासारखं काही नसतं. माझं मत विचाराल तर पहिली बोट अशीच घ्यावी.

५. मोटर थंड असताना बघा

साध्या बोटीच्या व्यवहारात पैसा खरा मोटरमध्ये असतो. आल्या आल्या मोटरच्या डोक्यावर हात ठेवा. गरम लागली तर मालकानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली आहे. का, ते विचारा.

जमिनीवर चालवताना खालच्या पाणी घेणाऱ्या छिद्रांवर रबरी कप लावून नळी जोडतात. त्याशिवाय मोटर कोरडी चालवू देऊ नका. सुरू झाली की मागून पाण्याची बारीक धार यायला हवी. धार नाही म्हणजे बहुधा आतला पाणी ओढणारा रबरी पंखा, इम्पेलर, गेलाय. तो स्वस्तात बदलता येतो, पण मोटर तशीच किती दिवस तापत राहिली हे कोण सांगणार? खालच्या गिअरच्या तेलाचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब हातावर घ्या. दुधी रंग म्हणजे आत पाणी शिरलंय, आणि मिनेसोटाच्या थंडीत ते पाणी गोठून गिअरचं घर फोडू शकतं. ओळखीतल्या जाणकाराकडून मोटरचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं तर उत्तम. सिलिंडरांच्या आकड्यांत फार तफावत नको.

जुनी टू-स्ट्रोक हलकी आणि दुरुस्तीला सोपी, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं आणि आवाज करते. फोर-स्ट्रोक शांत, पण महाग आणि जड. एव्हिनरूड कंपनीच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीमागे टांगायच्या, मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, तरी जुन्या मोटरींचे बरेच भाग अजून मिळतात. तेवढ्यासाठी चांगली मोटर नाकारू नका. फक्त लहान तळ्यावरच जाणार असाल तर पेट्रोलच्या भानगडीतच पडू नका. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची विजेची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदोपत्री दोन तास. हळू चालवली तर बरीच जास्त.

६. ट्रेलर आणि कागद

ट्रेलरकडे कोणी बघत नाही आणि हायवेवर तोच दगा देतो. चाक उचलून फिरवा. खरखर आली किंवा चाक हातात डुगडुगलं तर बेअरिंग बदलायला हवं. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर बदलायच्या हिशोबातच धरा.

बोटीचा बारा अक्षरांचा क्रमांक मागे उजव्या बाजूला कोरलेला असतो. तो नोंदणीच्या कागदाशी अक्षरशः ताडून बघा. मिनेसोटात १६ फुटांहून लांब आणि ऑगस्ट १९७९ नंतर बनलेल्या बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, लागतं, ते विकणाऱ्याच्या नावावर आहे का ते पैसे देण्याआधी पाहा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात. शिवाय २०२५ पासून मोटरबोट चालवायला परवाना टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत आहे. जुलै २०२८ पर्यंत ३० जून १९८७ नंतर जन्मलेले सगळे त्यात येतील, म्हणजे आपल्यातले बरेच जण.

७. कधी घ्यावी, किती द्यावे

मे महिन्यात वॉलायचा हंगाम उघडतो आणि एप्रिलपासून भाव चढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीच बोट मालकाला हिवाळाभर सांभाळायची नसते, आणि तलाव अजून गोठलेले नसतात, त्यामुळे पाण्यात उतरवून बघताही येते. हाताशी समजा ३,००० डॉलर असतील तर २,२०० च्या वर जाऊ नका. उरलेल्यात बेअरिंग, टायर, इम्पेलर, बॅटरी यांपैकी काहीतरी लागणारच.

त्यातूनच प्रत्येकाच्या मापाची लाइफ जॅकेटं घ्यायची, आणि बोट १६ फूट किंवा त्याहून मोठी असेल तर पाण्यात पडलेल्याकडे फेकायची एक तरंगती गादीही. १० वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत जॅकेट अंगात घालणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे. एक वल्हं, नांगर, लांब दोरी आणि एक जादा बूच. हा बूच तलावातून निघताना काढून पाणी गाळायचं आणि तो काढलेला ठेवूनच रस्त्यावर यायचं, नाहीतर दंड होतो. एका तलावातले झेब्रा शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे. पैसे उरलेच तर पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर, पण तो पुढच्या उन्हाळ्यात घेतला तरी चालेल.