चर्चच्या आवारात आधी राखण, मग लागवड

5 जूनच्या आसपासचा रविवार हा पर्यावरण रविवार. बहुतेक चर्चच्या मंडळ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो : उपासना झाली की रोपं लावायची, फोटो काढायचा, चहा घेऊन घरी. नागपुरात तेव्हा नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) नुकताच सरलेला असतो, जमिनीतली धग उतरलेली नसते आणि पावसाचा पत्ता नसतो. अशा मातीत कोवळं रोप लावणं म्हणजे त्याला उन्हात सोडून देणं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता नागपूरच्या ‘सदर’ या भागातल्या आमच्या चर्चच्या आवाराचं काम बघते. माझा आग्रह आहे की लागवड सगळ्यात शेवटी करावी. आवारात आज जे जगतंय ते आधी टिकवावं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची राखणही सांगितली आहे, आणि आपण तीच विसरतो.

सुरुवात एका शंभर पानी वहीने करा. सकाळच्या उपासनेआधी अर्धा तास संडे स्कूलची मुलं आणि एखाद्या जुन्या काकू यांना घेऊन आवार फिरायचं. काकू हव्यातच, कारण कोणत्या झाडाला कधी फळ येतं आणि मुंगूस कोणत्या भिंतीखालून ये-जा करतं हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रत्येक मोठ्या झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, ढोल्या आणि घरटी लिहायची. पिंगळा, तांबट, खार, राखी धनेश ही नावं नागपुरातल्या जुन्या आवारांत सहज भरतात.

ढोल्यांची नोंद नीट ठेवा. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून आत अंड्यांवर बसते. फक्त एक फट उरते, आणि नर त्या फटीतून तिला उंबर-पिंपळाची फळं भरवतो. मार्च ते जून हे चालतं. आपल्याकडे ‘झाड पोकळ झालंय, पावसाळ्यात पडेल, आत्ताच पाडा’ ही चर्चा नेमकी एप्रिल-मेमध्ये होते. त्या वेळी नर मारला गेला किंवा खोड पाडलं तर आतलं अख्खं कुटुंब जाऊ शकतं. फांदी खरोखर धोक्याची असेल तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, ढोली रिकामी झाल्याची खात्री करा आणि तेवढीच फांदी उतरवा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हा राज्याचा 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. कमिटीच्या बैठकीत हे वाचून दाखवलं की बरेच वाद तिथेच मिटतात.

आवारात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवताना खोडाच्या चारही बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी सोडा. ठेकेदार ‘बाई, गाड्या कुठे लावणार?’ म्हणेल. मापाची दोरी घेऊन तिथे स्वतः उभं राहा.

आता पोर्च आणि बुरूज. नाताळच्या आधी रंगकाम निघतं आणि पोर्चच्या छताला चिकटलेली पाकोळ्यांची घरटी बांबूने पाडली जातात, घाण होते म्हणून. पाकोळ्या त्याच घरट्यांत वर्षभर झोपायलाही येतात, त्यामुळे ती कधीच ‘जुनी, रिकामी’ नसतात. खाली एक फळी ठोका, विष्ठा तिच्यावर पडेल. घरट्यांच्या पट्ट्यात रंग नाही लागला तरी चालतो. 84व्या स्तोत्रात चिमणीला आणि निळवीला परमेश्वराच्या वेदींपाशीच घर मिळालं आहे. पाळकसाहेबांनी रंगकामाच्या आधीच्या रविवारी त्याच स्तोत्रावर बोलावं, रंगारीही ऐकतील.

घंटेच्या वरच्या कोनाड्यात गव्हाणी घुबड असण्याची शक्यता बरीच असते. आमच्या चौकीदारांनी एकदा सांगितलं, ‘बाई, वर कोणीतरी घोरतं. मी रात्री जिना चढणार नाही.’ मी म्हटलं, ‘भाऊ, ती पिल्लं आहेत, भूक लागली की असाच आवाज काढतात.’ दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन जिन्याखाली पडलेल्या काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या उचलल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून बाहेर टाकतं. मुलांसाठी याहून चांगला धडा नाही : हातमोजे घालायचे, गोळी कोमट पाण्यात भिजवायची, चिमट्याने केस बाजूला करायचे. उंदराची कवटी निघते, पुढचे दात नारिंगी. एका गोळीत दोन-तीन कवट्याही सापडतात. हार्मोनियमचा भाता कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त कोण करतं, हे मुलं घरी जाऊन सांगतात. म्हणूनच चर्चमध्ये उंदराचं औषध टाकू नका. विष खाल्लेला, सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष त्याच्याही पोटात जातं. पिंजरा लावा. घुबडाच्या विणीचा एकच महिना धरून चालत नाही, तेव्हा बुरुजावर चढण्याआधी खालून कान देऊन बघा. आणि दिवाळीच्या दिवसांत बुरुजाला कुलूप असू द्या, कारण जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी सफाई करताना दफनभूमीतलं गवत जाळू नका, तणनाशकही नको. कबरींच्या वाटा आणि कडा कापा, मागचा एक पट्टा बी पडेपर्यंत राहू द्या. कुंपणालगतची रुई उपटू नका, तिच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

उन्हाळ्यात पाण्याची परळं ठेवतात तेव्हा डेंग्यूची भीती निघते, आणि ती रास्त आहे. डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. म्हणून दर दोन दिवसांनी नारळाच्या काथ्याने घासायचं. परळ उथळ हवं, मध्ये एक दगड, जवळ मांजर दबा धरेल असं झुडूप नको. खरा धोका मात्र आपल्या कूलरमध्ये असतो. ते रविवारी चालतात आणि पुढचे सहा दिवस टाकीत पाणी साचून राहतं. उपासना संपली की टाकी रिकामी करून ते पाणी झाडांच्या आळ्यांत सोडायचं, ही जबाबदारी तरुण संघाच्या एकाच मुलाच्या नावावर टाका. ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की कोणीच बघत नाही.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी झाडांवरचा मांजा काढायचा. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो येतोच, आणि पुढे वर्षभर घारी, घुबडं, वटवाघळं त्यात अडकत राहतात. लांब बांबूला आकडी बांधा. पक्षी अडकलेला असेल तर ओढू नका. दोन्हीकडून मांजा कापा, डोक्यावर सुती कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यजीवांचं उपचार केंद्र) आहे, तिथे न्या किंवा वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

झावळ्यांच्या रविवारसाठी (ईस्टरच्या आधीचा रविवार) शिंदीच्या खालच्या, पिकत आलेल्या झावळ्याच काढा. शेंड्याला हात लावू नका. पावसाळ्यात सुगरणी तिथेच घरटी विणतात.

तरुणांना हे सगळं ‘बाहेरून आलेलं’ वाटत असेल तर त्यांना स्टीफन हिस्लॉप सांगा. 1845 साली नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी उपदेश आणि शाळा चालवता चालवता आसपासचे खडक आणि टाकळीकडचे जीवाश्म गोळा करत असे. एका खनिजाला त्याचं नाव आहे. ज्या जमिनीवर सेवा करायची ती ओळखून घ्यायची, ही रीत आपल्या मंडळीत पहिल्यापासून आहे.

आणि आता रोपं. पर्यावरण रविवारी फक्त खड्डे खणा, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. पाऊस बसला की जुलैत लावा. उंबर, मोह, करंज, शिवण, बकुळ. भिंतीकडेला कढीपत्ता आणि लिंबू, कारण राज्याचं फुलपाखरू निलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. उंबर मात्र इमारतीपासून आणि विहिरीपासून लांब. प्रत्येक रोप त्या वर्षी बाप्तिस्मा झालेल्या एका बाळाच्या घरच्यांकडे द्या. खरी परीक्षा पुढच्या दोन उन्हाळ्यांत असते, आणि सुट्टीत निम्मी घरं गावी जातात. म्हणून हंगामाच्या सणाच्या हर्रासातून (लिलावातून) आलेले काही पैसे मार्च ते जून पाणी घालणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी वेगळे काढा, आणि तो आकडा वार्षिक सभेच्या हिशेबात रंगकामाच्या शेजारीच लिहा.