इंट अ‍ॅरेची लिस्ट करताय? या चुका टाळा, नाहीतर ट्रॉल्या सात आणि साईझ एक

गळीत हंगामात निपाणीकडच्या एका पोरानं मला त्याचं जावाचं (प्रोग्रामिंगची भाषा) मिनी प्रोजेक्ट दाखवलं, उसाच्या ट्रॉल्यांची वजनं क्विंटलमध्ये ठेवायची, बस एवढंच. इंट अ‍ॅरेत (साध्या पूर्णांकांची ठरलेल्या लांबीची रांग) सात आकडे बरोबर होते, पण लिस्ट केली की साईझ येतंय १. पोरगं म्हणतंय, "दादा, जावाच बिघडलंय की."

जावा काय बिघडत नसतंय. त्यानं अ‍ॅरेज डॉट अ‍ॅजलिस्ट मध्ये सरळ इंट अ‍ॅरे टाकला होता, आणि लिस्टला तर ऑब्जेक्टच लागतात, सुटा इंट चालतच नाही. आपल्या बेळगावच्या कुंद्याचं बघा, दुकानदार म्हणतोय बॉक्समध्ये भरलेला असंल तरच घेतो आणि तुम्ही अख्खी परातच पुढं सरकवली, मग तो परात हाच एक नग धरणार की! अ‍ॅरे स्वतः ऑब्जेक्ट असतो, म्हणून लिस्टमध्ये तो एकटाच जाऊन बसतो. डावीकडं लिस्टचा टाईप इंटीजर (इंटचं ऑब्जेक्ट रूप) लिहिला असता तर कंपायलरनंच अडवलं असतं, पण यानं व्हार लिहिलंवतं (म्हणजे टाईप कंपायलरनंच ओळखायचा, जावा १० पासून चालतंय ते) त्यामुळं सगळं गपचूप कंपाईल झालं. वर कंटेन्स ९५, म्हणजे लिस्टमध्ये ९५ आहे काय, असं विचारलं तर फॉल्स, तेही एरर न देता. असली चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते बघा.

उपाय जावा ८ पासून आहे: अ‍ॅरेज डॉट स्ट्रीम, मग बॉक्स्ड (इंटचा इंटीजर करतंय), मग कलेक्ट (लिस्टमध्ये गोळा करतंय). किंवा साधा फॉर लूप फिरवून एकेक अ‍ॅड करा, लाजायचं काय त्यात, मी अजून तेच करतोय. कॅर, बाईट, फ्लोट, शॉर्ट यांना तर लूपच लागतो, कारण अ‍ॅरेज डॉट स्ट्रीम प्रिमिटिव्हमध्ये (ऑब्जेक्ट नसलेले साधे टाईप) इंट, लाँग आणि डबल एवढेच घेतो.

काहीजण अ‍ॅरेच इंटीजरचा करतात. मग अ‍ॅजलिस्ट साईझ बरोबर दाखवतो, पण अ‍ॅड केलं की अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन, कारण ती लिस्ट म्हणजे त्याच अ‍ॅरेवरची खिडकी, तिची लांबी ठरलेली. सेट (आहे त्या जागेवरचा आकडा बदलणं) चालतंय, पण मूळ अ‍ॅरेतला आकडाही बदलतो. वाढणारी लिस्ट पाहिजे असंल तर न्यू अ‍ॅरेलिस्ट मध्ये गुंडाळा. जावा १६ मध्ये स्ट्रीमला थेट टूलिस्ट आलं, ते दिसायला सुटसुटीत, पण त्यात अ‍ॅडही नाही आणि सेटही नाही.

आता खरी गंमत. दोन ट्रॉल्यांचं वजन १२० असताना डबल इक्वलनं (==) ट्रू येतंय आणि दोन्ही १२८ झाल्या की फॉल्स! बॉक्स करताना जावा उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटीजर कॅशमधून (आधीच करून ठेवलेला साठा) तेच ते देतो, त्याच्या पुढं सहसा नवीन ऑब्जेक्ट बनतो, आणि डबल इक्वल आकडा बघत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे काय ते बघतो. इक्वल्स वापरा. टेस्टिंगला १, २, ३ असले आकडे घेतले तर ही चूक कधीच सापडत नाही, व्हायवाच्या दिवशी सापडते.

रिमूव्हचं पण तसंच. ट्रॉली नंबर १ ते ७ ची लिस्ट आणि रिमूव्ह ३ लिहिलं तर ४ नंबरची ट्रॉली उडते, कारण साधा इंट दिला की तो इंडेक्स (० पासून मोजलेली जागा) धरतो. इंटीजर डॉट व्हॅल्यूऑफ ३ असं द्या.

आणि फक्त बेरीज नाहीतर सगळ्यात मोठा आकडा काढायचा असंल तर लिस्ट करताय कशाला? इंटला ४ बाईट लागतात, इंटीजर ऑब्जेक्टला साधारण १६, वर रेफरन्सचे वेगळे. अ‍ॅरेज डॉट स्ट्रीम पुढं सम लावा, झालं. त्या पोराला शेवटी बेरीजच पाहिजे होती.