बागोबो समाजावर अभ्यासमांडणी कशी करावी: सीमाभागातील वाचनालये आणि शाळांसाठी

फिलिपाइन्सच्या दक्षिण भागातील मिंदानाओ बेटावर, आपो पर्वताच्या उतारांवर आणि दावाओच्या आखातालगत बागोबो समाजाची वस्ती आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील एखाद्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने अथवा माध्यमिक शाळेने हा विषय घ्यायचे ठरवले, तर एक व्याख्यान आणि एक छोटे प्रदर्शन एवढ्या मर्यादेत तो कसा मांडावा, हे येथे सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ही मांडणी देवधर्मापासून किंवा वेशभूषेपासून सुरू करू नये, ती मागापासून सुरू करावी. कारण बागोबोंच्या जुन्या जीवनाचा आणि आजच्या प्रश्नांचा धागा एकाच तंतूतून निघतो, आणि तो पारखू शकणारी विणकर माणसे बेळगावच्या वडगाव, शहापूर आणि खासबागेत आपल्या शेजारीच राहतात.

मात्र मागाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट फलकावर स्वच्छ लिहिली पाहिजे. बागोबो या एका नावाखाली एकाहून अधिक समाज येतात: तागाबावा, क्लाता (यांना ग्यांगान असेही म्हणतात) आणि डोंगराळ भागातील ओबो किंवा मनुवू. तागाबावांची भाषा मानोबो गटातील आहे, तर क्लातांची भाषा त्या गटातील नसून त'बोली आणि ब्लाआन या मिंदानाओतील इतर समाजांच्या भाषांना जवळची आहे. त्यामुळे ‘बागोबोंची भाषा’ असे एकवचनी शीर्षक दिले की चूक तेथूनच सुरू होते. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही, तेव्हा या भागावर दहा मिनिटांहून अधिक खर्च करू नयेत. मिंदानाओतील मुस्लिमेतर मूलनिवासी समाज १९८६ पासून ‘लुमाद’ हे सामायिक नाव वापरू लागले, एवढे सोबत सांगितले म्हणजे पुरे.

आता माग. बागोबो स्त्रिया ज्या आबाका तंतूपासून ‘इनाबाल’ हे कापड विणतात, ती आबाका केळीच्याच कुळातील वनस्पती आहे. तिच्या खोडाच्या सोपटांतून सुरीने खरवडून तंतू काढतात आणि सूत कातण्याऐवजी तंतूला तंतू गाठीने जोडून लांब धागा करतात. मग ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून, नक्षीप्रमाणे धाग्यांचे भाग घट्ट बांधून तो वनस्पतीजन्य रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो आणि नक्षी विणण्याआधीच ताण्यावर उमटते. बाणा, म्हणजे आडवा धागा, एकरंगी असतो. माग कमरेच्या पट्ट्याने ताणून धरलेला असतो, म्हणजे विणणारीचे शरीर हाच त्या मागाचा एक भाग असतो. बान्सालान येथील सालिंता मोनोन (१९२०–२००९) या तागाबावा विणकर स्त्रीला १९९८ मध्ये फिलिपाइन्स सरकारने पारंपरिक कलावंतांसाठीचा ‘राष्ट्राचा जिवंत ठेवा’ हा मान दिला. मगरीच्या आकारावरून घेतलेली ‘बिनुवाया’ ही नक्षी त्यांच्या आवडीची होती. त्याच वर्षी हाच मान लांग दुलाय या त'बोली विणकर स्त्रीलाही मिळाला. त'बोलींचे ‘त'नालाक’ हे कापडही आबाकाचेच आणि याच पद्धतीचे असल्यामुळे इंटरनेटवर दोहोंची छायाचित्रे सर्रास मिसळलेली आढळतात, म्हणून छायाचित्राखाली गावाचे किंवा संग्रहालयाचे नाव नसेल तर ते प्रदर्शनात लावू नये.

हे सर्व वाचून दाखवण्याऐवजी करून दाखवावे. एका फळीवर दोन रांगांत खिळे ठोकून त्यांवर पांढरे सुती सूत ताणावे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ठरावीक ठिकाणी आवळून बांधावे, रंगात बुडवून वाळवावे आणि मगच गाठी सोडाव्यात. इरकली लुगड्याशी तुलना करण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. इरकलीत ताणा अशा रीतीने बांधून रंगवलेला नसतो. जवळचे भारतीय उदाहरण तेलंगणातील पोचमपल्लीच्या कापडाचे आहे. आणि येथे एका अनुभवी विणकराला प्रेक्षक म्हणून नव्हे तर परीक्षक म्हणून बोलवावे. गाठीचा धागा घर्षणाने तुटत कसा नाही, रंग देताना ताणा सरकला तर नक्षीची कड कशी दिसेल, असले प्रश्न आपल्या डोक्यात येत नाहीत, त्याच्या येतात. ते टिपून घ्यावेत आणि त्यांच्या उत्तरांसाठी पुन्हा वाचनाकडे वळावे.

वाचनासाठी जुनी साधने मुक्तपणे उपलब्ध आहेत, आणि येथेच सर्वाधिक सावधगिरी लागते. लॉरा वॉटसन बेनेडिक्ट या अमेरिकी अभ्यासिका १९०६–०७ मध्ये बागोबोंमध्ये राहिल्या आणि त्यांनी १९१३ मध्ये त्यांच्या पुराणकथा व १९१६ मध्ये विधींचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. फे-कूपर कोल यांनी शिकागोच्या संग्रहालयासाठी केलेले लेखन १९१३ चे आहे आणि त्याच्या शीर्षकातच या लोकांना ‘रानटी’ म्हटले आहे. त्याआधी, १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात बागोबो स्त्री-पुरुषांना प्रेक्षकांपुढे प्रत्यक्ष मांडण्यात आले होते. त्या काळातील छायाचित्रे आजही फिरतात. यावरून एक नियम पाळावा: प्रत्येक विधानापुढे ते कोणी आणि कोणत्या साली नोंदवले हे लिहावे, आणि क्रियापद भूतकाळात ठेवावे. मंदारांगान या उग्र दैवताचे आपो पर्वतावरील वास्तव्य, त्याच्या कृपेतील ‘मागानी’ योद्धे आणि त्यांचे तांबडे शिरोवस्त्र, विधी सांभाळणाऱ्या ‘माबालियान’ स्त्रिया, ‘गिनुम’ हा मोठा उत्सव, टांगलेल्या घंटावजा थाळांचे वादन, मेणाचा साचा करून ओतलेली पितळेची घुंगरे, पानसुपारीच्या डब्या, हे सारे या नियमात बसवून सांगता येते. नरबळीच्या प्रथेचीही नोंद आहे. कोल यांनी १९०७ मधील घटनेचा वृत्तान्त दिला आहे. ती लपवू नये, परंतु प्रवेशद्वारावरील फलकासाठी तीच निवडणे म्हणजे सेंट लुईसचे प्रदर्शन पुन्हा भरवणे होय.

तुलना कशी करावी याचे एक उदाहरण देतो. जंगलाचा तुकडा शेतीसाठी साफ करण्याची वेळ बागोबो ‘बालातिक’ हा तारकासमूह पाहून ठरवत असत. हा समूह म्हणजे आपले मृग. आपल्या खानापूर भागात भाताच्या पेरणीची चर्चा मृगाशीच जोडलेली असल्यामुळे ‘दोन्हीकडे सारखेच’ असे म्हणून टाळ्या मिळवता येतील. प्रत्यक्षात आपला मृग म्हणजे सूर्याने त्या नक्षत्रात केलेला प्रवेश, आणि त्या दिवसांत ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. बागोबोंची गणना मात्र आकाशात ते डोळ्यांना दिसण्यावर आधारलेली होती. साम्य सांगावे, आणि लगेच हा फरकही सांगावा.

आजच्या जीवनाचा भाग अर्ध्याहून कमी ठेवू नये. बहुसंख्य वाचकांना आदिवासी म्हटले की पोशाखच आठवतो. वास्तवात बागोबो कुटुंबे नारळ, भाजीपाला, आबाका आणि कॉफी पिकवतात, केळीच्या मळ्यांवर मजुरी करतात, दावाओ शहरात नोकरी करतात, पर्वतावर गिर्यारोहकांना वाट दाखवतात, आणि त्यांतील अनेक जण ख्रिस्ती आहेत. दावाओमध्ये दर ऑगस्टला होणाऱ्या कादायावान उत्सवात शहरातील अकरा समाजांपैकी दोन म्हणून तागाबावा आणि क्लाता सहभागी होतात. पारंपरिक वेश तेथे दिसतो तो मानाचा वेश म्हणून. त्यामुळे शाळांना विनंती आहे की स्नेहसंमेलनात मुलांना पानांचे घागरे नेसवून, तोंडाला रंग फासून ‘बागोबो नृत्य’ बसवू नये. ज्या समाजाची ओळखच मण्यांनी आणि भरतकामाने सजवलेले बारीक विणीचे कापड आहे, त्याला पाने नेसवण्यात अज्ञान तेवढे दिसते.

आणि आता तो तंतू पुन्हा हाती घ्यावा. आबाकाचा दोर समुद्राच्या पाण्यात टिकतो, म्हणून ‘मनिला हेम्प’ या नावाने त्याला जगभर मागणी आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दावाओभोवती अमेरिकी व जपानी मळे उभे राहिले. ओहता ही जपानी मळे कंपनी १९०७ ची. स्त्रिया ज्या तंतूचे कापड विणत होत्या, त्याच तंतूच्या व्यापाराने त्यांच्या समाजाची सखल भागातील जमीन हातातून नेली आणि वस्ती डोंगराकडे सरकली. पुढे १९३६ मध्ये तो डोंगरच राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. आपोवर भूगर्भीय उष्णतेपासून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पाला विरोध करण्यासाठी १९८९ मध्ये लुमाद वडीलधाऱ्यांनी पर्वताच्या रक्षणाची शपथ घेतली. प्रकल्प तरीही १९९७ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी फिलिपाइन्सने मूलनिवासी हक्क कायदा क्रमांक ८३७१ संमत केला, ज्यात पूर्वजांच्या भूमीवर समाजाची सामूहिक मालकी आणि कोणत्याही प्रकल्पापूर्वी मुक्त व माहितीपूर्ण संमती ही दोन तत्त्वे आहेत.

हा कायदा आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याशेजारी ठेवून एका फलकावर मांडावा. आपल्याकडे कसणाऱ्या कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळू शकतो. तेथील पूर्वजभूमीचा दाखला मात्र संपूर्ण प्रदेशाच्या मालकीचा असतो. दोन्हीकडे कागदावरील हक्क आणि प्रत्यक्ष ताबा यांत अंतर पडते. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गावांतून कोणी बोलायला तयार असेल, तर त्याला व्याख्यात्याइतकाच वेळ द्यावा आणि प्रश्नोत्तरे या फलकासमोरच घ्यावीत. कार्यक्रम लांबला आणि काही वगळावे लागले, तर उत्सव व वाद्ये यांचा भाग खुशाल कमी करावा. जमिनीच्या या चर्चेला मात्र किमान वीस मिनिटे राखून ठेवावीत.