हिचकॉकचे चित्रपट कसे पाहावेत

आल्फ्रेड हिचकॉकच्या चित्रपटांना आपण सरसकट ‘रहस्यपट’ म्हणतो आणि पाहणाऱ्याची गल्लत तिथेच होते. खुनी कोण, या कोड्यात त्याला फारसा रस नव्हता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकावे आणि भोवतीच्या माणसांना खुशाल गप्पा मारू द्याव्यात, असे उदाहरण त्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत दिले होते. म्हणून जवळ एक वही ठेवावी आणि पात्रांना ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला नेमकी कोणत्या क्षणी कळली, ते टिपत जावे.

‘सायको’ने सुरुवात करण्याचा मोह आवरावा आणि १९२९ चा ‘ब्लॅकमेल’ आधी लावावा. लंडनच्या लेटनस्टोन भागात १८९९ साली भाजीविक्रेत्याच्या घरी जन्मलेला हिचकॉक केबल कंपनीतली नोकरी सोडून मूकपटांत पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या रेखाटता रेखाटता दिग्दर्शक झाला होता. आवाज हाती येताच त्याने काय केले, ते इथे ऐकायला मिळते. अब्रू वाचवताना एकाला सुरीने मारून आलेली मुलगी सकाळी नाश्त्याला बसली आहे आणि शेजारीण त्याच खुनाबद्दल बडबडते आहे. बाईचे बोलणे हळूहळू पुसट होत जाते, ‘नाइफ’ हा एकच शब्द तेवढा स्पष्ट उरतो, आणि पाव कापायला घेतलेली सुरी मुलीच्या हातून उडते. हा प्रसंग हेडफोन लावूनच पाहावा.

१९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथल्या चित्रपटांपैकी ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) पाहताना श्रेयनामावली वगळू नये, कारण पटकथेच्या श्रेयात त्याची पत्नी आल्मा रेव्हिल हिचे नाव आहे. तिची जाण लक्षात घेतल्याशिवाय त्याची कारकीर्द नीट समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘नोटोरियस’मधली (१९४६) मेजवानी मात्र आवाज पूर्ण बंद करून पाहावी: पाहुण्यांनी भरलेल्या दालनावरून कॅमेरा एकाच सलग हालचालीत खाली उतरत जातो आणि इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीपाशी येऊन थांबतो. मूकपटात घडलेला हात इथे उघड दिसतो.

‘रिअर विंडो’नंतर (१९५४) ‘सायको’ (१९६०) घ्यावा. स्नानगृहातला खून संगीताविना ठेवण्याचा हिचकॉकचा विचार होता. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही त्यासाठी तंतुवाद्यांची रचना केली आणि ती ऐकल्यावर हिचकॉकने आपला निर्णय बदलला. तो प्रसंग आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासह पाहावा, म्हणजे दोघांचे काम वेगवेगळे कळते. पण वही हाती घ्यायची ती त्याच्यानंतर. मोटेल चालवणारा नॉर्मन प्रेतासह गाडी दलदलीत ढकलतो, ती अर्धीअधिक बुडते आणि मध्येच अडकते. त्या क्षणी गाडी बुडावी असे आपल्याला वाटले की बुडू नये, हे प्रामाणिकपणे लिहावे.