लिनक्सवर प्रिंट दाबताच प्रोग्रॅम गोठतो तेव्हा

लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-पी दाबलं की खिडकी राखाडी होते आणि अर्धा-एक मिनिट काहीच हलत नाही. लगेच प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका. दोष बहुधा त्याचा नसतोच. प्रिंटची चौकट उघडताना प्रोग्रॅम कप्सकडे, म्हणजे लिनक्सवर छपाईचं काम सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे, प्रिंटरांची यादी मागतो. त्यातला एखादा नेटवर्क प्रिंटर बंद असला, तर उत्तराची वाट बघत सगळंच अडकतं.

आधी टर्मिनलमध्ये एलपीस्टॅट ही कमांड 'टी' पर्यायासह चालवा. तीही अडकली, तर गाठ कप्सकडेच आहे. मग 'एच' (कॅपिटल) पर्याय द्या: कोणत्या सर्व्हरला विचारणा होतेय ते कळेल. जुन्या ऑफिसातल्या सर्व्हरचा पत्ता दिसला, तर ईटीसीमधल्या कप्स फोल्डरातली क्लायंट-डॉट-कॉन्फ फाइल उघडा आणि सर्व्हरनेमच्या ओळीआधी # टाका, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही. ही ओळ वर्षानुवर्षं विसरलेली असते, म्हणून ती आवर्जून बघाच.

सर्व्हर ठीक असेल, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या 631 पोर्टवर जाऊन वापरात नसलेले प्रिंटर काढून टाका. काढलेला प्रिंटर पुन्हा उगवला, तर तो कप्स-ब्राउज्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधून जोडणारी सेवा) आणतोय. ती सेवा थांबवून पाहा.