बक्षीसपत्रात ‘बिनशर्त’ लिहिताय? या चुका टाळा

आईवडील राहतं घर मुलाच्या नावावर करतात तेव्हा दस्तात एक ठरलेलं वाक्य येतं: ‘प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, बिनशर्त बक्षीस दिले आहे.’ महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, त्यामुळे काम झटपट उरकतं. पण सही करण्याआधी ते वाक्य दोनदा वाचा, ही कळकळीची विनंती.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘पोरगा सांभाळेलच, कागदावर कशाला?’ असं म्हणणं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार साठी ओलांडलेल्यांनी दिलेली मिळकत परत मिळू शकते, पण ती सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली हवी. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट नसल्यामुळे एका आईच्या विरोधात निकाल दिला. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून दुसऱ्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथे सांभाळण्याची कबुली लेखी होती. म्हणून स्पष्ट लिहा: ‘देणाऱ्यास तहहयात या घरात राहण्याचा हक्क राहील, अन्न, वस्त्र, औषधपाणी घेणाऱ्याने करावे.’ यात प्रेम कुठेच कमी होत नाही.

याच्या उलट, ‘मनात येईल तेव्हा परत घेईन’ असंही लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 प्रमाणे असं बक्षीस टिकत नाही. मन बदलायची मुभा हवी असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत कितीदाही बदलता येतं.

वचनचिठ्ठीत, म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन देणाऱ्या कागदात, मात्र बिनशर्तच लिहावं लागतं. ‘लग्न झाल्यावर सात दिवसांनी पैसे देईन’ हे कायद्याने वचनचिठ्ठीच नव्हे, कारण लग्न होईलच असं नाही.

बक्षीसपत्र आधीच झालं असेल, त्यात सांभाळाची अट लिहिलेली असेल आणि ती पाळली जात नसेल, तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. अट नसली तरी मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. 2007 च्या कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. वकील लगेच गाठा.